तिवानाकू

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या ला पाझ विभागातील, इंगावी प्रांतातील ग्रामीण नगरपालिका व तिचे मुख्य गाव. ला पाझ शहराच्या पश्चिमेस सु. ७० किमी.वर, तितिकाका सरोवराच्या आग्नेयीस, आल्तिप्लानो पठारावर ते वसले आहे. उंची सु. ३,८५० मी. बहुतेक रहिवासी आयमारा या आदिवासी समाजाचे शेतकरी आहेत. गावालगतच्या प्राचीन नगराच्या अवशेषांना २००० मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पर्यटक येतात ते या अवशेषांसाठी; नगरपालिकेतील बहुसंख्य कुटुंबे मात्र शेती आणि पशुपालन यांवर जगतात.

तिवानाकूच्या खोऱ्यात व शेजारच्या कातारी खोऱ्यात उंच वाफ्यांच्या प्राचीन शेतीच्या खुणा आढळतात. तिला आयमारा भाषेत ‘सुका कोल्लू’ म्हणतात. पाणथळ जमिनीत चर खणून निघालेली माती मधल्या पट्ट्यांवर चढवीत. वाफ्यांची रुंदी सामान्यतः ५ ते २० मी. भरते. चरांतील पाणी दिवसा तापते आणि रात्री सावकाश निवते, त्यामुळे हिमतुषारांची झळ कमी बसते. चरांतला गाळ खत म्हणून वाफ्यांवर पडतो. हे वाफे कोणी व केव्हा रचले याविषयी मतभेद आहेत. मानवशास्त्रज्ञ ॲलन कोलाटा यांच्या मते ही प्राचीन तिवानाकू राज्याने नियोजनपूर्वक उभारलेली व्यवस्था असून ती इ. स. सु. ६०० ते ११०० या काळात भरभराटीस आली आणि दीर्घ अवर्षणाने कोसळली. पेरूमधील केल्काया हिमनदीच्या हिमस्तरांत या अवर्षणाचा पुरावा दाखविला जातो. तितिकाका सरोवराच्या पेरूकडील भागात काम केलेले पुरातत्त्वज्ञ क्लार्क एरिक्सन यांना केंद्रीय राज्याची गरज वाटत नाही. त्यांच्या मते स्थानिक समूहांनी पिढ्यान्‌पिढ्या हे वाफे वाढविले. काही वाफे राज्याच्या ऱ्हासानंतरही वापरात होते असे दिसते, त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९८० च्या दशकात वाफ्यांचे पुनरुज्जीवन सुरू झाले. आरंभीचे उत्पन्न उत्साहवर्धक होते, परंतु पुढे बरेच वाफे सोडून देण्यात आले. त्यांना लागणारे कष्ट मोठे होते, हे विसरून चालणार नाही.

१९५३ च्या कृषिसुधारणेने जमीनदारी संपली. १९९४ च्या लोकसहभाग कायद्याने ग्रामीण नगरपालिकांना निधी व अधिकार मिळाले. सायान्या (कुटुंबाची जमीन) आणि आयनोका (सामाईक पिकफेर व पडीचे क्षेत्र) अशी जमिनीची पारंपरिक विभागणी आहे. बटाटा, किनोआ, सातू व घेवड्यासारख्या शेंगांचे पीक घेतात. गुरांसाठी लसूणघास लावतात. जून-जुलैत बटाटे रात्री उघड्यावर गोठवून, पायांनी तुडवून व उन्हात वाळवून ‘चुन्यो’ करतात. तो अनेक वर्षे टिकतो. २१ जूनला आयमारा नववर्षाचा उत्सव अवशेषांच्या परिसरात साजरा होतो.