औटकीच्या मागचा बाजार

चाळीसगावजवळच्या पाटण इथे इ.स. १२०७चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण बाजारातून मठाला काय मिळायचं हे सांगायची वेळ आली की भाषा मराठी होते. साहजिकच आहे, ते दुकानदाराला आणि तेल्याला कळायला हवं. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं, म्हणजे सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल. जे मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं आणि त्याची मापणावळ निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला. म्हणजे गणिताच्या अभ्यासाचा खर्च तेलाच्या पळीवर आणि धान्याच्या मापावर चालत होता. गणित रोजच्या जगण्याशी जोडा, असं आज आपण कळकळीने म्हणतो, तेव्हा मला हा दगड आठवतो.

ज्या ग्रंथांसाठी हा खटाटोप, त्यातली ११५०ची ‘लीलावती’ उघडली की सुरुवातीलाच पैशांचं कोष्टक येतं : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. पुढे भुंगे येतात. थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासात अडकून हवेतच घुटमळतोय. एकूण किती? पंधरा. अपूर्णांकांचं हे उदाहरण जवळजवळ पावणेनऊशे वर्षं जुनं आहे, तरी तो एकटा भुंगा डोळ्यांसमोरून जात नाही.

सोळाची ती वाटणी पुढे रुपयाच्या सोळा आण्यांतही दिसते. एखादी गोष्ट ‘सोळा आणे खरी’ असते ती त्याच हिशेबाने. सोळाचं निम्मं, त्याचं निम्मं, पुन्हा निम्मं करत गेलं तरी तुकडा पडत नाही, म्हणून पाव, अर्धा, पाऊण तोंडी सोपे. यातूनच मराठी घरांत आणि शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी रुजली. दिवेलागणीला परवचा म्हणताना मुलं हे पाढे म्हणायची. औट म्हणजे साडेतीन : दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. हा शब्द ‘अर्धचतुर्थ’वरून आला, म्हणजे चौथा अर्धा. तसाच अडीच ‘अर्धतृतीय’वरून, तिसरा अर्धा. ‘औट घटकेचं राज्य’ म्हणतो तेव्हा आपण हेच अंक बोलत असतो.

अडीचकी पाठ करायचं कारण वाण्याच्या दुकानात सापडतं. चाळीस शेरांचा मण, सोळा आण्यांचा रुपया. चाळीसला सोळाने भागलं की अडीच. म्हणून जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेरांना. गूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेर बारा आण्यांना आणि पाच शेर दीड रुपयाला. ना पाटी, ना पेन्सिल. ही पाठांतरं छडीच्या धाकाने व्हायची आणि त्याचे गोडवे गायचं मला कारण दिसत नाही. पण पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी दुकानात उपयोगी पडायचं, ही गोष्ट मोठी होती.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ, १९५८पासून, किलो-लिटरची मापं टप्प्याटप्प्याने आली. निर्णय योग्यच होता. प्रांतोप्रांतीच्या मण-शेरांचा गोंधळ त्याने मिटला. पण एक आणा आता सव्वासहा पैशांचा झाला आणि अडीचकीची ती किल्ली कुठल्याच कुलपाला लागेना. पाढे काही वर्षं अंकलिपीत राहिले, नुसतेच पाठ करायचे म्हणून. कशासाठी, हे सांगणारं दुकान उरलं नव्हतं. गणित रुक्ष आहे ही तक्रार फार जुनी असेल, पण तिला आपल्याकडे धार आली ती या तुटलेपणामुळे, असं मला वाटतं. दशमान पद्धतीला तिचा स्वतःचा बाजार होता, पुस्तकांनी तो फारसा वर्गात आणलाच नाही.

मंडईत मात्र तो रोज भरतो. वांगी ऐंशी रुपये किलो. ‘पावशेर वीस, दीड पाव तीस,’ भाजीवाली पिशवी उघडायच्या आत सांगते. शेर जाऊन साठ वर्षं झाली, तरी तिच्या तोंडी अडीचशे ग्रॅम पावशेरच आहेत. शेजारी पिशवी धरून उभं असलेलं पाचवीतलं पोर हेच गणित रात्री वहीत करतं : एक किलोस ८० रुपये, तर ३७५ ग्रॅमला किती? आणि पेन्सिल चावत बसतं.