जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातील सोप्या पायवाटा

जोशुआ ट्री हे राष्ट्रीय उद्यान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या आग्नेय भागात, लॉस अँजेलिसच्या पूर्वेस दोनशे किमी.हून थोड्या अधिक अंतरावर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौ. किमी. वायव्येकडचा उंच व तुलनेने थंड भाग मोहावी वाळवंटात मोडतो, तर पूर्वेकडचा व दक्षिणेकडचा सखल, अधिक उष्ण भाग कोलोरॅडो वाळवंटात, म्हणजे विस्तीर्ण सोनोरन वाळवंटाच्या एका उपविभागात येतो. सीमा साधारणतः ९०० मी. उंचीच्या आसपास मानतात. ती नकाशावरच्या रेघेसारखी नसून कित्येक किमी. रुंदीचा संक्रमणपट्टा आहे. नवशिक्यांना तासा-दोन तासांत पुऱ्या करता येतील अशा आखीव पायवाटा बहुतेक उंच भागात, पार्क बुलेव्हार्ड या मुख्य रस्त्याच्या आसपास आहेत.

‘सोपी’ ही वर्गवारी उद्यानाचे प्रशासन अंतर आणि चढ यांवरून करते. हिडन व्हॅली (१.६ किमी.), बार्कर डॅम (सुमारे २ किमी.), कॅप रॉक (०.६ किमी.), स्कल रॉक (२.७ किमी.), चोया कॅक्टस गार्डन (०.४ किमी.) व ओअॅसिस ऑफ मारा (०.८ किमी.) या त्यांतल्या परिचित वाटा असून त्या सर्व वळसा घालून निघाल्या जागी परत येतात. याउलट रायन माउंटनची वाट जाऊन-येऊन ४.८ किमी.चीच असली, तरी सुमारे ३२० मी. चढ असल्यामुळे तिची गणना अवघड वाटांत होते. निरनिराळ्या मार्गदर्शिकांतील अंतरे जुळत नाहीत, याचे कारण पुष्कळदा मोजणीतील चूक नसून वाटेची सुरुवात हलवलेली असणे हे असते. आर्च रॉकची वाट पूर्वी व्हाइट टँक या तंबूंच्या तळावरून सुरू होई व फार तर अर्ध्या मैलाची धरली जाई. आता ती ट्विन टँक्सच्या वाहनतळापासून २.२ किमी. मोजतात.

तथापि वाळवंटातील अवघडपणा अंतर व चढ या दोन मापांत पुरता मावत नाही. सह्याद्रीत गड चढणाऱ्याला यांतली कोणतीही वाट किरकोळ वाटेल. पण सह्याद्रीत चुकलेला माणूस उताराने खाली गेला, तर बहुधा ओढा किंवा वाडी गाठतो. इथे उताराने गेलेला माणूस कोरड्या ओढ्यात पोचतो आणि तिथे पाणीही नसते, वस्तीही नसते. वाळूने भरलेली ही पात्रे सपाट, रुंद आणि पावलांच्या ठशांनी भरलेली असल्यामुळे वाटेपेक्षाही वाटेसारखी दिसतात. आखीव वाट सोडून चुकीच्या पात्रात शिरणे हे नवशिक्यांच्या भरकटण्याचे नेहमीचे कारण आहे.

नावाचा वाद : ज्या झाडावरून उद्यानाला नाव मिळाले, ते युक्का ब्रेव्हिफोलिया शतावरी कुलातले आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर लावतात तो घायपात त्याचा भाऊबंद. पानांची टोके पाहिली की नाते पटते. जर्मन-अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन १८७१ च्या सुमारास केले. पूर्वेकडची, अधिक बुटकी व फांद्यांनी दाट झाडे १९३५ मध्ये निराळा उपप्रकार म्हणून नोंदली गेली. २००७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ली लेन्झ यांनी त्यांना युक्का जेगेरियाना या स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. दोन्हींचे परागण करणारे पतंग वेगळे आहेत (पश्चिमेस टेजेटिक्युला सिंथेटिका, पूर्वेस टे. अँटिथेटिका) हे पाहता स्वतंत्र जातीचे मत अधिक ग्राह्य वाटते. उद्यानातील झाडे पश्चिमेकडच्या जातीची आहेत.

‘जोशुआ ट्री’ हे इंग्रजी नाव मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी दिले, ही कथा जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलोरॅडो नदी ओलांडून जाणाऱ्या मॉर्मन वसाहतकारांना या झाडाच्या वर उचललेल्या फांद्यांत हात पसरून वाट दाखवणारा जोशुआ, म्हणजे मराठी बायबलातला यहोशवा, दिसला असे ती सांगते. अडचण अशी, की त्या प्रवासातील कोणाचीही समकालीन नोंद या कथेला पुष्टी देत नाही. दुसरी अडचण मजकुराचीच आहे. बायबलात हात वर धरून उभा राहिलेला म्हणून जो प्रसंग सर्वपरिचित आहे, तो निर्गम ग्रंथाच्या १७ व्या अध्यायातील मोशेचा. मोशे टेकडीवर हात उंचावून असतो आणि यहोशवा खाली अमालेक्यांशी लढत असतो. यहोशवाच्या ग्रंथात (अध्याय ८) तो आय नगराकडे हात लांब करतो हे खरे, पण त्या हातात भाला आहे; ती प्रार्थना नव्हे. या झाडाची टोकदार, राठ पाने पाहता भाल्याची उपमा अगदीच दूरची नाही, असा बचाव करता येतो. एकंदरीत नावाचा मॉर्मनांशी काही संबंध असणे संभवनीय आहे; कथेचा तपशील मात्र मागाहून जुळवलेला दिसतो. स्पॅनिश भाषकांत या झाडाला ‘वाळवंटी खंजीर’ अशा अर्थाचे नाव होते. १८४४ मध्ये या प्रदेशातून गेलेले अमेरिकन शोधप्रवासी जॉन फ्रेमाँट यांना तर हे झाड वनस्पतिसृष्टीतील सर्वांत किळसवाणे वाटले होते. इथले आदिवासी काविया लोक मात्र त्याच्या पानांच्या धाग्यांपासून टोपल्या व पायताणे करीत आणि कळ्या व बिया खात.

खोडात वर्षवलये नसल्यामुळे झाडाचे वय उंचीवरून अजमावतात, आणि म्हणून ‘हजार वर्षांचे झाड’ ही वाहनतळावर ऐकू येणारी विधाने जपून घ्यावीत. सर्वसाधारण आयुष्य दीडशे वर्षांच्या आसपास धरले जाते. झाड जवळून पाहायचे असेल, तर कॅप रॉकची वाट पुरेशी आहे; ती सपाट व चाकाच्या खुर्चीला चालेल अशी केलेली आहे.

खडक : सोप्या वाटांवरचे मुख्य दृश्य म्हणजे घरांएवढ्या गोलसर शिळांचे ढीग. हंपी पाहिलेल्या मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटतील आणि कारणही बरेचसे सारखे आहे. इथला मूळचा खडक पिंटो नाइस (उष्णता व दाबाने रूपांतरित झालेला पट्टेदार खडक). त्याचे वय सुमारे १७० कोटी वर्षे सांगतात. त्याच्यात खालून शिरलेल्या शिलारसापासून, क्रिटेशस कालखंडात (१४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी), मॉन्झोग्रॅनाइट हा ग्रॅनाइटचा एक प्रकार तयार झाला. लोकप्रिय साहित्यात ‘दहा कोटी वर्षे’ असा गोळाबेरीज आकडा येतो. त्यापेक्षा कालखंडाचे नाव घेणे अधिक सुरक्षित. वरचा भार झिजून गेल्यावर हा ग्रॅनाइट तडकला. एक भेगसंच जवळजवळ आडवा, दुसरे दोन उभे आणि एकमेकांना छेदणारे. त्यामुळे जमिनीखालीच त्याचे आयताकृती ठोकळे पडले. हवामान आजच्यापेक्षा ओलसर असताना भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने ग्रॅनाइटमधील फेल्स्पार या खनिजाची माती केली. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी पाणी लागते, कडेला दोन व सपाट पृष्ठाला एका बाजूने. म्हणून कोपरे आधी गेले आणि ठोकळे गोल झाले. (कांद्याच्या पापुद्र्यांसारखे झिजलेले बेसॉल्टचे गोटे महाराष्ट्रात रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्यांत दिसतात, तिथेही हेच गणित.) पुढे हवामान कोरडे झाले, अचानक येणाऱ्या पुरांनी मधली भुसभुशीत माती वाहून नेली आणि गोटे जिथल्या तिथे एकमेकांवर बसले. शिळा कोणी रचल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. स्कल रॉकच्या कवटीतील डोळ्यांच्या खोबण्या हाही याच क्रियेचा भाग. लहान खळग्यात पावसाचे पाणी साठते, तळ कुजतो, खळगा वाढतो, मग अधिक पाणी साठते.

या खडकाचा पृष्ठभाग खरखरीत कानशीसारखा असतो, आणि बुटाची पकड इतकी चांगली बसते की नवखा माणूस सहज दहा-बारा फूट चढून जातो. उतरताना पाय टेकायची जागा स्वतःच्या पोटाआड जाते. सुटका करण्यासाठी पथक बोलवावे लागते ते बहुधा या टप्प्यावर.

हिडन व्हॅली ही चहूबाजूंनी अशा शिळांनी वेढलेली लहानशी दरी आहे. १८८० नंतरच्या दशकांत मॅकहेनी बंधूंची टोळी चोरलेली गुरे इथे लपवी, अशी आख्यायिका आहे. टोळी होती याबद्दल फारसा वाद नाही. पण आज ज्या खिंडीतून पर्यटक आत जातात, ती विल्यम कीझ या पशुपालकाने आपल्या गुरांसाठी सुरुंग लावून १९३६ च्या सुमारास रुंद केली असे सांगतात. त्याआधी गुरांचे कळप आत कसे नेले जात, याचा विचार आख्यायिका करीत नाही.

बार्कर डॅम : सोप्या वाटांपैकी इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो इथे. १९०० च्या आसपास सी. ओ. बार्कर व शे बंधू या गुरेवाल्यांनी दोन खडकांच्या मधली चिंचोळी जागा भिंत घालून अडवली. कीझने १९४९-५० मध्ये भिंत उंच केली आणि तिला ‘बिग हॉर्न डॅम’ असे नाव देऊन ते वर्षांसह काँक्रीटमध्ये कोरले. अक्षरे अजून वाचता येतात, पण नाव रूढ झाले नाही. भिंतीजवळ उभे राहून समोरच्या खडकाकडे पाहिले, की पांढुरक्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात. पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या या खुणा. उन्हाळ्यात तळे बहुधा कोरडे असते आणि तळाच्या चिखलाचे भेगाळलेले तुकडे वर वळलेले असतात. हिवाळी पावसानंतर पाणी साचले, तर बिगहॉर्न या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या ते पिण्यास येतात. पहाटे गेल्यास दिसण्याचा संभव अधिक. (कीझने १९४३ मध्ये रस्त्याच्या हक्कावरून झालेल्या भांडणात शेजाऱ्याला गोळी घातली, शिक्षा भोगली व १९५६ मध्ये त्याला माफी मिळाली. त्याचे घर आता फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येते.)

याच वाटेवर एका पोकळ खडकाच्या छताखाली आदिवासींनी कोरलेल्या आकृत्या आहेत. त्यांवर पांढरा, तांबडा, काळा रंग चढलेला असून तो प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास चित्रपटवाल्यांनी चित्रीकरणात ठळक दिसाव्यात म्हणून त्या रंगवल्या, असे सर्वसाधारणपणे मानतात. कोरीव रेषा आणि रंगाची रेषा काही ठिकाणी जुळत नाही. थोडे थांबून पाहिल्यास हे कळते.

चोया : पूर्वेकडे, दोन वाळवंटांच्या संक्रमणपट्ट्यात, चोया निवडुंगाचे दाट रान आहे. ही वनस्पती आपल्या फड्या निवडुंगाच्या जवळची, एकेकाळी त्याच प्रजातीत घातली जाई. तिचे कांडे ‘उडी मारून’ चिकटते हा समज खोटा. काट्यांवर सूक्ष्म उलटे आकडे असतात व कांडी सहज निखळतात, म्हणून पुसटसा धक्काही पुरतो. चिकटलेले कांडे हाताने ओढले की ते हातात रुतते; कंगव्याचे दात काट्यांच्या मुळाशी सरकवून ते झटकून टाकणे हा तिथला घरगुती इलाज आहे. मोठ्या दातांचा कंगवा खिशात ठेवावा.

पाणी व काळ : उद्यानाच्या अंतर्भागात पिण्याचे पाणी मिळत नाही, नळ सीमेवरच्या मोजक्या ठिकाणीच आहेत. माणशी दिवसाला किमान सुमारे ४ लि. आणि उन्हात चालणार असल्यास त्याच्या दुप्पट, असे प्रशासन सुचवते. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे मुंबईच्या घामटपणाची सवय असलेल्याला आपण किती पाणी गमावले याचा अंदाज येत नाही. पाण्याची निम्मी बाटली संपली की परतावे, हा नियम वाट एक मैलाची असली तरी लागू आहे. मोबाइलला संपर्क जवळजवळ नसतो. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा. उन्हाळ्यात तापमान ३८° से.च्या वर जाते, तर हिवाळ्यातल्या रात्री गोठवणाऱ्या असतात. बहुतेक पायवाटांवर कुत्रे नेण्यास मनाई आहे. वाटेबाहेरच्या मातीवरचा काळपट, खडबडीत थर शैवाल, कवक व जिवाणूंचा मिळून बनलेला असतो. एका पावलाने तुटलेला तो थर भरून येण्यास दशके लागतात.

संरक्षण : साउथ पॅसाडीना येथील मिनर्व्हा हॉइट यांच्या प्रयत्नांमुळे १० ऑगस्ट १९३६ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारक घोषित केले. १९५० मध्ये खाणींसाठी मोठा भाग वगळला गेला. ३१ ऑक्टोबर १९९४ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा व वगळलेला बराचसा भाग परत मिळाला.

ओअॅसिस ऑफ मारा : ट्वेंटीनाइन पाम्स या गावाला लागून असलेली ही सर्वांत सपाट वाट. ‘मारा’ हा इथल्या आदिवासी सेरानो लोकांचा शब्द असून ‘लहान झरे व पुष्कळ गवत यांची जागा’ असा त्याचा अर्थ देतात. मुलगा जन्मला की एक ताडवृक्ष लावावा असे वैदूने सांगितले व पहिल्या वर्षी २९ मुलगे झाले, ही गावाच्या नावाची कथा सेरानो परंपरेतली म्हणून सांगितली जाते. पाणी इथे वर येई ते पिंटो माउंटन भ्रंशामुळे (भ्रंश म्हणजे जिच्या दोन बाजूंचे खडक सरकले आहेत अशी भेग). जमिनीखालचा प्रवाह भ्रंशाच्या चिकणमातीला अडून पृष्ठाशी चढे. विसाव्या शतकात उपशामुळे पातळी खाली गेली आणि झरे आटले. मार्च २०१८ मध्ये कोणी लावलेल्या आगीत इथली काही जुनी झाडे जळाली. या ताडाच्या रसवाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून कोळसा झालेल्या खोडालाही शेंड्याकडून पुन्हा पालवी फुटू शकते. वाटेवरच्या काळ्या बुंध्यांकडे पाहताना मान वर करून पाहावे.