शाईच्या पेनाला हवं पाणी आणि सवड

महागडं शाईचं पेन बहुतेक वेळा वापरून बिघडत नाही, ठेवून बिघडतं. निवृत्तीला भेट मिळालेलं माँ ब्लाँ, मुलीने परदेशातून आणलेलं पेलिकन, आजोबांचं सोन्याच्या निबेचं पार्कर: जपून ठेवायचं म्हणून शाईसकट कपाटात जातं आणि वर्षभराने बाहेर काढलं की कागदावर नुसतं खरखरतं. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पेनाच्या दुकानात ते पोचेपर्यंत घरातल्या कुणीतरी निबेच्या चिरेतून अर्धं ब्लेड फिरवलेलं असतं, पेन कढत पाण्यात घातलेलं असतं, नाहीतर त्याला नेलपॉलिश रिमूव्हर लावलेलं असतं. वाळलेल्या शाईने पेनाचं फारसं बिघडलेलं नसतं. कायमची इजा होते ती या उपायांनी. वाळलेली शाई काढायला जोर लागत नाही, पाणी आणि सवड लागते. हे असं का, ते पेनाच्या आत काय चालतं हे पाहिल्यावर पटतं.

शाई खाली येते ती केवळ गुरुत्वाकर्षणाने, अशी आपली समजूत असते. तेवढंच असतं तर टोपण काढताच सगळी शाई कागदावर सांडली असती. शाई बाहेर यायची तर तिच्या जागी तितकीच हवा आत जायला हवी, आणि दोघींची ये-जा एकाच अरुंद वाटेने व्हायला हवी. ही अडचण सोडवणाऱ्या रचनेचं पेटंट लुईस वॉटरमन यांना १८८४ मध्ये मिळालं. निबेच्या खाली जी जीभ असते, जिला इंग्रजी वळणाने फीड म्हणतात, तिच्यात शाईसाठी एक खाच आणि त्या खाचेच्या तळाशी आणखी बारीक चिरा. चिरांमधून शाई उतरते, खाचेतून हवा वर जाते. आजही जगातल्या जवळपास प्रत्येक शाईच्या पेनात हेच तत्त्व आहे, मग ते दोनशे रुपयांचं असो की लाखाचं.

त्या चिरांमध्ये शाई ओढून धरण्याचं काम केशाकर्षण करतं. दोन स्वच्छ काचा एकमेकींपासून ०.१ मिलिमीटरवर ठेवून पाण्यात उभ्या केल्या, तर पाणी त्यांच्यामधून सुमारे १५ सेंटिमीटर वर चढतं. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. म्हणून निबेची चीर टोकाकडे निमुळती होत जाते, आणि शाई आपणहून सर्वांत अरुंद जागेकडे, म्हणजे टोकाकडे येऊन थांबते. टोक कागदाला टेकलं की कागदाच्या तंतूंमधल्या त्याहूनही बारीक फटी तिला ओढून घेतात. आपण लिहितो म्हणजे खरं तर एवढंच होतं.

यात दोन गोष्टी बिघडू शकतात. फटीत रंगाचा थर साचून वाट बंद होते, किंवा पृष्ठभाग तेलकट होऊन शाई त्याला धरत नाही. पाणी काचेवर पसरतं आणि तेलाच्या हातावर थेंब होऊन राहतं, तोच फरक इथे पडतो. कोरं नवं पेन पहिल्याच दिवशी अडखळलं तर कारखान्यातल्या यंत्रांचं तेल फीडवर राहिलेलं असण्याची शक्यता बरीच. म्हणून नवं पेनसुद्धा शाई भरण्याआधी धुवावं. ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात.

आता शाईकडे वळू. शाईच्या पेनातली नेहमीची शाई म्हणजे पाणी, त्यात पूर्ण विरघळलेले रंग, थोडं ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल आणि बुरशी धरू नये म्हणून घातलेलं औषध. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या दुपारी त्याचंही फार चालत नाही. टोपण सैल असेल तर पाणी उडून जातं, रंग दाट होत जातो आणि शेवटी निबेवर त्याचा खडा धरतो. पण हा रंग मुळात पाण्यातच विरघळणारा आहे. पाणी परत दिलं की तो परत विरघळतो. पेन धुताना टिश्यू पेपरवर शाईचा थेंब पडला तर तो जरूर पाहा. काळी म्हणून घेतलेली शाई कडेला निळी, जांभळी, कधी तांबूस होत पसरते. तिच्यातले वेगवेगळे रंग कागदाला कमीजास्त चिकटत पाण्याबरोबर पुढे सरकतात. प्रयोगशाळेत ज्याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात, ती हीच.

मग विरघळायला इतका वेळ का लागतो? कारण अरुंद फटीत पाणी ढवळलं जात नाही. तिथे रंगाचे रेणू स्थिर पाण्यातून भटकत भटकत बाहेर येतात, आणि या भटकण्याचा हिशोब विलक्षण आहे. एक मिलिमीटर अंतर जायला साधारण २० मिनिटं लागतात. एक सेंटिमीटर म्हणजे दहापट अंतर, पण वेळ शंभरपट, म्हणजे जवळजवळ दीड दिवस. फीडची लांबी दोन-चार सेंटिमीटर असते हे लक्षात घेतलं, की ‘नळाखाली धरलं, तरी शाई येतच राहते’ या तक्रारीचं उत्तर मिळतं. ती येतच राहणार. पाणी गरम केल्याने वेग वाढतो, पण २५ अंशांवरून ४० अंशांवर नेलं तरी तो दीडपटही होत नाही. तेवढ्यासाठी पेनाचा जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

म्हणून धुण्याची रीत दोन भागांची: आधी पाणी हलवून जेवढी निघेल तेवढी शाई काढायची, मग उरलेलीला वेळ द्यायचा. पिस्टनचं पेन, म्हणजे मागची मूठ फिरवून बाटलीतली शाई थेट अंगात ओढणारं, असेल तर साध्या, घरातल्या तापमानाच्या पाण्यात निब बुडवून पिस्टन फिरवत पाणी ओढायचं आणि सोडायचं. पहिल्या काही खेपांना पाणी गडद निघेल. दर खेपेला पाणी बदला, रंगीत पाण्यात धुण्याने काही साधत नाही. कन्व्हर्टरचं, म्हणजे शाई ओढणारी छोटी नळी सुटी निघते असं पेन असेल तर कन्व्हर्टर काढून ठेवा आणि निबेच्या मागच्या तोंडातून रबरी पिचकारीने किंवा बिनसुईच्या सिरिंजने हलक्या हाताने पाणी सोडा. पाणी निवळ दिसू लागलं की निब आणि फीड बुडेल इतक्याच पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी त्या पाण्यात पुन्हा रंग उतरलेला दिसेल. पाणी बदला, पुन्हा ठेवा. वर्षानुवर्षं वाळलेल्या पेनाला यात आठवडाही लागतो, आणि तो द्यावा. निब व फीड ओढून वेगळे करायचा मोह आवरा. पेलिकनच्या बऱ्याच पेनांत निबेचा संच हाताने फिरवून सुटतो, पण माँ ब्लाँमध्ये त्यासाठी खास हत्यार लागतं, आणि चुकीच्या पकडीने फीडचे बारीक दाते तुटतात.

पाणी कुठलं वापरायचं, हा प्रश्न आपल्या गावात महत्त्वाचा आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी ज्या सोसायट्यांत येतं तिथे नळाच्या तोंडावर पांढरा थर चढलेला दिसतो. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. तेच पाणी फीडमध्ये वाळलं तर तोच थर तिथल्या बारीक फटीत चढतो, आणि तो नुसत्या पाण्याने पुन्हा निघत नाही. धुणं नळाच्या पाण्याने झालं तरी शेवटचे दोन-तीन हात आरओच्या पाण्याने किंवा डिस्टिल्ड वॉटरने द्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं, फक्त बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही याची खात्री करा.

तेलकटपणासाठी किंवा हट्टी डागासाठी वाटीभर पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब पुरतो. साबण पाण्याचं पृष्ठताण उतरवतो आणि पाणी बारीक भेगांत शिरतं. पण हाच साबण आत राहिला तर पुढे शाईचंही पृष्ठताण उतरतं, ती भसाभस वाहते आणि कागदावर अक्षरांना मिशा फुटतात. साबणाच्या पाण्यानंतर साध्या पाण्याचे हात दुप्पट द्यावेत.

सगळ्या शाया मात्र अशा शहाण्या नसतात. पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही वाचता येतात, कारण ती शाई काजळीची. कार्बनचे कण पाण्यात विरघळत नाहीत, उन्हाने उडत नाहीत, डिंकाने कागदाला धरून राहतात. बोरूला ती शाई शोभते. बोरू उघडा असतो, लिहून झालं की पुसता येतो. शाईच्या पेनात ड्रॉइंगची इंडिया इंक भरली तर तिच्यातली लाख आणि काजळी मिळून फीड कायमचं बुजवू शकते. ती कधीही भरू नये. पेनासाठी बनवलेल्या आजच्या पिगमेंट शायांमध्ये कण फार बारीक असतात आणि चिकटवणारं द्रव्य वेगळं असतं, त्यामुळे त्या चालतात. तरी त्या पेनात वाळू देऊ नयेत.

दुसरी हट्टी जात लोहाच्या शाईची. हिराकस आणि हिरडा-मायफळांत असतं तसलं टॅनिन यांची ही शाई लिहिताना फिकट असते, मग हवेतल्या ऑक्सिजनने लोह एक पायरी वर चढतं आणि न विरघळणारा काळा रंग तयार होतो. कागदावर हे हवंच असतं. पेनात झालं तर साबण काही करत नाही. इथे क जीवनसत्त्व उपयोगी पडतं. ॲस्कॉर्बिक ॲसिड लोहाला ती पायरी परत खाली उतरवतं आणि काळा थर पुन्हा विरघळतो. शुद्ध पूड चिमूटभर, अर्धी वाटी पाण्यात, काही तासांपुरती आणि नंतर भरपूर धुणं. चघळायच्या संत्र्याच्या गोळ्या नकोत, त्यांत साखर असते. ही शाई वापरणाऱ्याने पेन महिन्यातून एकदा धुवावंच. रोजच्या साध्या शाईला दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं, आणि शाईचा रंग किंवा कंपनी बदलताना प्रत्येक वेळी. एक शाई आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असली तर दोघींची भेट झाल्यावर साका खाली बसतो आणि तो थेट फीडमध्ये अडकतो.

अमोनियाचं सौम्य पाणी वापरा असं अनेक जण सांगतात. मला ते घरी नको वाटतं. मोठ्या पिस्टन पेनांची आतली यंत्रणा बऱ्याचदा पितळी असते आणि अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूंचा जुना वैरी आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात, आणि पाऊस संपेपर्यंत त्यांची पितळी टरफलं आपोआप तडकलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांचा तो परिणाम होता, हे पुढे १९२१ मध्ये नीट उलगडलं.

पेनाचं अंग कशाचं आहे, हे माहीत नसेल तर पाण्याखेरीज काहीही लावू नका. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. कढत पाण्याने आणि उन्हाने त्याचा पृष्ठभाग तपकिरी, शेवाळी पडतो आणि तो काळा परत होत नाही. जुनी सेल्युलॉइडची पेनं कापूर घालून बनवलेली असतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन त्यांना विरघळवून टाकतं आणि स्पिरिटही त्यांना सोसत नाही. पार्कर ५१, जे १९४१ साली बाजारात आलं, त्याचं अंग ॲक्रिलिकचं आहे आणि ॲक्रिलिकला स्पिरिटने बारीक तडे जातात. दुधातल्या केसीनपासून बनवलेली पेनं तर पाण्यातसुद्धा फुगतात, त्यांचं अंग कोरडंच राहिलं पाहिजे. निबेचं सोनं १८ कॅरटचं म्हणजे ७५ टक्के, १४ कॅरटचं म्हणजे ५८.५ टक्के. त्याला गंज चढत नाही, पण ते मऊ आहे. ब्लेडचं पोलाद चिरेच्या भिंतींवर ओरखडे काढतं, ती निमुळती फट मध्येच रुंदावते आणि केशाकर्षणाची साखळी तिथे तुटते. टूथपेस्टने निब घासली तर वरचा मुलामा निघून जातो. निबेच्या पाठीवर शाईचा पातळ थर पसरलेला दिसतो तो दोष नाही, पुसायचा असेल तर ओल्या फडक्याने पुसा.

लक्ष्मी रोडवरचे सराफ दागिने धुवायला अल्ट्रासोनिक यंत्र वापरतात. ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि मळ सुटतो. सुटी निब आणि फीड त्यात अर्धा-एक मिनिट घालायला हरकत नाही. आख्खं पेन मात्र देऊ नका, त्यावरची लाखेची नक्षी किंवा जडावकाम उचकटू शकतं.

धुतल्यावर निब खाली करून टिश्यूच्या घडीत उभी ठेवा. टिश्यूच्या फटी फीडमधलं पाणी ओढून घेतात. रात्रभरात काम होतं. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, आणि पूर्ण सुकल्याशिवाय पेन पेटीत बंद करू नका, नाहीतर बुरशी धरते. शाईच्या बाटलीत तवंग किंवा तंतू दिसले तर ती बाटली टाकून द्या, कितीही महाग असली तरी. पिस्टन जड चालू लागला तर त्याला शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लागतो. व्हॅसलीन किंवा खोबरेल नको: पहिलं रबर फुगवतं, दुसरं खवट होतं.

मुंबईहून घाट चढून येताना मात्र धुतलेलं पेनही टोपणात शाई ओकतं. समुद्रसपाटीपेक्षा पुण्यातला हवेचा दाब साधारण सहा टक्क्यांनी कमी. अर्ध्या रिकाम्या पेनात एक मिलिलिटर हवा असेल तर ती ०.०६ मिलिलिटरने फुगते आणि तेवढी शाई, म्हणजे एक टपोरा थेंब, बाहेर ढकलते. विमानात हा फरक आणखी मोठा. प्रवासात पेन काठोकाठ भरलेलं किंवा रिकामं, आणि निब वर करून खिशात असावं. तरीही टोपणात शाई उतरलीच तर टोपण पाण्यात बुडवू नका, क्लिपच्या मुळाशी अडकलेलं पाणी सुकत नाही आणि आतला पोलादी भाग गंजतो. ओलसर कापसाची काडी आत फिरवा, रंग येईनासा होईपर्यंत काड्या बदला, आणि टोपण रात्रभर उघडं ठेवा.