प्रक्रिया क्षमता

प्रक्रिया क्षमता : उत्पादनाची प्रक्रिया ठरवून दिलेल्या मापमर्यादांत कितपत बसते, हे आकड्यात सांगण्याची संख्याशास्त्रीय रीत. तपासणीत एकेक नग पारखून बरा-वाईट वेगळा करतात. इथे प्रश्न नगाचा नसून तो ज्या मशीनवर, ज्या हत्याराने आणि ज्या मालातून झाला त्या सगळ्यांचा असतो. मुंबईतील साकीनाका, मरोळ, भांडुप किंवा शेजारच्या ठाण्यातील वागळे इस्टेटच्या गाळ्यांत हा विषय ‘सीपी-सीपीके’ (Cp, Cpk हे क्षमतेचे दोन निर्देशांक) या नावानेच ओळखला जातो.

समजा, ड्रॉइंगवर पिनचा व्यास २०.०० ± ०.०३ मिमी आहे, म्हणजे एकूण मुभा ०.०६ मिमी. मोजलेल्या पिनांचे प्रमाण विचलन (मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) ०.००७५ मिमी निघाले, तर त्याची सहापट, म्हणजे ०.०४५ मिमी, हा प्रक्रियेचा स्वाभाविक फैलाव. मुभेला फैलावाने भागले की सीपी मिळतो : १.३३. मापे प्रसामान्य वितरणात (सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेली) आणि सरासरी बरोबर मध्यावर असेल, तर सीपी १ असताना दहा लाखांत सुमारे २,७०० नग मर्यादेबाहेर जातात, १.३३ असताना सुमारे ६३.

पण सीपीला सरासरी कुठे आहे हे दिसतच नाही. लेथवर बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट (हत्याराचे कापणारे पाते) झिजतो तसा व्यास वाढत जातो. वरील पिनांची सरासरी सरकून २०.०१५ वर गेली, तरी सीपी १.३३ च राहतो. प्रत्यक्षात हजारातले सुमारे २३ नग जाड निघतात. म्हणून सीपीके काढतात : सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर भागिले प्रमाण विचलनाची तिप्पट. इथे तो ०.६७ येतो. या दोन आकड्यांतली तफावत फार बोलकी असते. सीपी चांगला आणि सीपीके वाईट, तर सेटिंग सुधारून काम भागते. सीपीच कमी असेल, तर ऑपरेटरला बोल लावून उपयोग नाही, मशीन, फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारे साधन) किंवा पद्धतच बदलावी लागते.

प्रक्रिया स्थिर असल्याशिवाय हे गणित अर्थहीन आहे. ती स्थिर आहे की नाही हे नियंत्रण आलेख, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेली मापे नियंत्रण मर्यादांसह मांडणारा आलेख, सांगतो. तो अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडला. भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये ते भारतातही आले होते. निवडून काढलेल्या चांगल्या नगांवरून भरलेला सीपीके ही ग्राहकाची आणि स्वतःचीही फसवणूक होय. प्रामाणिकपणे घेतलेल्या ३० नगांवरून १.३३ आला, तरी खरे मूल्य साधारण ०.९७ ते १.६९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, इतका लहान नमुना ढिला असतो.

मापनातली चूकही फैलावात मिसळते, आणि मुंबईच्या पत्र्याच्या गाळ्यांत ती सहज शिरते. लांबीमापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० मिमी लांबीचा पोलादी जॉब ३५ अंशांना सुमारे १७ मायक्रॉनने (०.०१७ मिमी) वाढतो. मायक्रोमीटर त्याच तापमानाला असेल, तर बराचसा फरक आपोआप मिटतो. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब मात्र हमखास चुकीचे माप देतो. त्यामुळे क्षमतेच्या अभ्यासासाठी जॉब, मास्टर (उपकरण पडताळण्याचा प्रमाण नग) आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर पुरेसा वेळ ठेवून, मगच मापे नोंदवतात.