चिमणी, उताराचा कोन आणि बारा देशांची तीन विमानं

विमान किती तिरकं उतरतं, यावर सोलापुरात वर्षानुवर्षं वाद झाले. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली, ती याच उताराच्या वाटेत येत होती म्हणून.

प्रवासी विमान साधारण 3 अंशांच्या उतारानं येतं. टेकायच्या जागेपासून एक किलोमीटरवर ते जेमतेम 52 मीटर उंच असतं. बोइंगचं सी-17 ग्लोबमास्टर हे लष्करी मालवाहू विमान 5 अंशांनीही उतरू शकतं. त्याच जागी ते 87 मीटरवर असेल. (म्हणून चिमणी वाचली असती असं नाही. नागरी विमानतळाचे नियम सी-17 बघून ठरत नाहीत.)

इतक्या तीव्र उतारावर एरवी विमानाचा वेग वाढत जातो. सी-17 मध्ये इंजिनांचा झोत मुद्दामच पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकवलेल्या फ्लॅपवर (हलत्या झडपांवर) सोडलेला असतो. फ्लॅपच्या फटींतून जाऊन तो झोत खाली वळतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला वर उचलते आणि कमी वेगातही विमान तरंगत राहतं. तापलेला झोत सोसावा म्हणून तिथे टायटॅनियम वापरलंय. एक गंमत अशी की उतरताना वैमानिकानं थ्रॉटल (इंजिनांचा जोर ठरवणारा दांडा) मागे ओढला की वेगाआधी उचलच घटते. सुमारे 77 टन माल घेऊ शकणारं हे धूड 1,070 मीटर लांब आणि 27 मीटर रुंद पट्टीवर उतरू शकतं. अर्थात पट्टीला वजन पेलवलं पाहिजे.

किंमत मात्र छोट्या देशांना झेपणारी नाही. मग बारा देशांनी आपल्या सहकारी कारखान्यासारखाच मार्ग काढला: भागभांडवल घाला, त्या प्रमाणात वापरा. 2009 पासून हंगेरीतल्या पापा तळावर त्यांची सामाईक तीन सी-17 आहेत. हिस्सा मोजतात उड्डाणाच्या तासांत. मूळ करारात वर्षाला अमेरिकेचे 1,000 तास, स्वीडनचे 550, तर एस्टोनिया आणि लिथुआनियाचे प्रत्येकी 45. एकाच कॉकपिटमध्ये दोन देशांचे वैमानिक बसतात. विमानांची नोंदणी हंगेरीची, जिच्या वाट्याला फक्त 50 तास! मला या विमानाच्या इंजिनांइतकीच ही व्यवस्था अचाट वाटते.

भारतानं स्वतःची घेतली, एकूण 11. ती दिल्लीजवळच्या हिंडन तळावर असतात. सी-17 चं उत्पादन 2015 मध्ये थांबलं. विक्रीविना उरलेलं शेवटचं विमान भारतानंच घेतलं, ते 2019 मध्ये आलं. पापाच्या भागीदारांना आता चौथं हवं असेल, तर कुणाचं तरी वापरलेलंच शोधावं लागेल.