जांघेतल्या गाठींचं ऑपरेशन आणि व्हॅक ड्रेसिंगची पार्श्वभूमी

लिंगाचा किंवा योनिमुखाचा कॅन्सर असो, की पायावरचा मेलानोमा (कातडीचा एक कॅन्सर), तो जांघेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत पोचला की त्या गाठी काढाव्या लागतात. खरी डोकेदुखी टाके घातल्यावर सुरू होते. गाठींबरोबर लसीकावाहिन्याही तुटतात आणि त्यातून झिरपणारं पाणी कातडीखालच्या पोकळीत साठत राहतं. वरची कातडी पातळ सोलून उचललेली असल्याने तिला रक्त कमी पोचतं, कडा काळ्या पडतात. जागा घामट, पाय हलला की ताण. मग टाके उसवतात, पू होतो. खाली मांडीची मुख्य रोहिणी असते. ती उघडी पडू नये म्हणून सार्टोरियस हा स्नायू सरकवून तिच्यावर पांघरायची रीत पडली. १९८८ मध्ये कॅटालोना यांनी छेद लहान ठेवून मोठी सॅफेनस शीर वाचवणारी पद्धत मांडली, तेव्हा त्रास कमी झाला, पण संपला नाही.

व्हॅक ड्रेसिंग म्हणजे जखमेवर स्पंज किंवा गॉज ठेवून, वर हवाबंद फिल्म चिकटवून यंत्राने आतली हवा आणि पाणी ओढत राहणं. जखमेतलं पाणी ओढून काढायची कल्पना जुनीच. फ्रान्सच्या रेडाँ यांची निर्वात बाटली १९५४ ची. १९८९ मध्ये अमेरिकेत चॅरिकर आणि जेटर यांनी पोटावरच्या फिस्टुलांवर (आतून कातडीपर्यंत पडलेल्या, झिरपणाऱ्या वाटांवर) ओलं गॉज ठेवून, वर फिल्म चिकटवून भिंतीवरचं सक्शन जोडलं. जर्मनीत फ्लाइशमन यांनी १९९३ च्या सुमारास उघड्या फ्रॅक्चरवर स्पंज वापरला. नाव मात्र झालं नॉर्थ कॅरोलिनातल्या अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांचं. डुकरांवरच्या प्रयोगांत पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर ओढीला रक्तप्रवाह सर्वाधिक वाढला, तर ४०० ला उलट घटला. १९९७ मध्ये त्यांनी रुग्णांच्या ३०० जखमांचा अनुभव छापला. त्यांतल्या २९६ जखमांना गुण आला. १२५ हा आकडा तेव्हापासून वॉर्डात रुळला.

हा इतिहास कोर्टातही गेला. गॉज वापरणाऱ्या एका कंपनीवर स्पंजवाल्या व्हॅकच्या पेटंटधारकांनी दावा लावला. २००६ मध्ये टेक्सासच्या ज्युरीने पेटंट वैध ठरवलं, पण गॉजवाल्यांनी ते मोडलेलं नाही असं सांगितलं. स्पंज आणि गॉज यांतल्या फरकावर इतका पैसा अडकलेला असेल, असं ड्रेसिंग बदलणाऱ्या सिस्टरला कधी वाटलंही नसेल.

सुरुवातीला हे सगळं उघड्या जखमांसाठी होतं. टाके घातलेल्या बंद जखमेवर व्हॅक लावायची चाल २००६ च्या आसपास हाडांच्या ऑपरेशनांतून आली. छोटी बॅटरीवाली, आठवडाभर चालणारी यंत्रं पुढे बाजारात आली. जांघेसाठी हे सोयीचं, कारण कडा जवळ धरल्या जातात आणि वरची कातडी खालच्या मांसाला टेकून राहते. पुरावा मात्र दाव्याइतका भक्कम नाही. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनुसार बंद जखमांत जंतुसंसर्ग बहुधा घटतो, पण जखम उसवण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवरची सरकारी नियामक संस्था) व्हॅकच्या वापरातल्या सहा मृत्यूंचा दाखला देऊन रक्तस्रावाचा इशारा दिला होता. मोठी रोहिणी उघडी असेल तर स्पंज थेट तिच्यावर ठेवू नये, हा नियम जांघेत विसरून चालत नाही.

दरम्यान, मूळ ऑपरेशनच टाळायचा दुसरा मार्ग तयार होत होता, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा. १९७७ मध्ये काबानास यांनी लिंगाच्या कॅन्सरसाठी 'सेंटिनेल' ग्रंथी मांडली, म्हणजे रोग पसरताना सर्वांत आधी जिथे पोचतो ती गाठ. तीच काढून तपासायची, ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. १९९२ मध्ये मॉर्टन यांनी मेलानोमात ती रंग (डाय) टोचून शोधली. २०१७ च्या एमएसएलटी-२ चाचणीत, सेंटिनेल ग्रंथीत रोग सापडल्यावर सगळ्या गाठी काढल्याने मेलानोमाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

आपल्याकडे लिंगाच्या कॅन्सरचे अनेक रुग्ण गाठी हाताला लागल्यावरच येतात, तेव्हा सेंटिनेलचा उपयोग उरत नाही. आयातीचं मशीन परवडत नसेल तिथे निर्जंतुक केलेला स्पंज, त्यात राइल्स ट्यूब (एरवी नाकातून पोटात घालतात ती नळी), वर पारदर्शक चिकट फिल्म आणि भिंतीवरचं सक्शन, असं जुगाडी व्हॅक लावतात. अडचण एकच. रुग्ण भिंतीला बांधला जातो. संडासला जायचं तर नळी काढायची, आणि परत आल्यावर फिल्म कुठे सुटली आहे का हे बोट फिरवून बघायचं.