फोर्कलिफ्टचा अपघात: भरपाई कोणाकडे मागायची, कागद कोणते लागतात

भिवंडी-चाकणच्या गोदामात फोर्कलिफ्टवरचं पॅलेट (माल रचायची फळी) पायावर कोसळलं की सुपरवायझर म्हणतो, "बाहेरच्या डॉक्टरकडे जा, बिल आम्ही भरतो." बिल भरू द्या, पण अपघाताची नोंद सोडू नका.

आधी पगार बघा. आस्थापना ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर लाभ ईएसआयकडून, ठेकेदाराच्या माणसालाही. कामावरच्या इजेला वर्गणीच्या महिन्यांची अट नाही, रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी लागलं तरी चालतं. मालकाने फॉर्म १२ म्हणजे अपघात अहवाल भरायचा असतो. त्याची प्रत घ्या आणि वाचा. 'पाय घसरून पडला' असं मोघम लिहिलं असेल तर लेखी हरकत घ्या. वेळ, कोणता माल, किती उंचीवरून पडला, कोणी पाहिलं हे त्यात यायला हवं. सोबत ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार, पासबुक आणि ईएसआय डॉक्टरचा दाखला. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते.

ईएसआय नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. त्यासाठीचा १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. हिशेब असा: वय ४०, पगार १५,०००. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले त्या वयाचा गुणांक १८४.१७, पूर्ण अपंगत्वाला १६,५७,५३० रुपये. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर परिशिष्टात १४ टक्के, म्हणजे सुमारे २,३२,००० रुपये. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज चढतं.

मालक देत नसेल तर आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. एमएलसी (पोलिसांना कळवण्यासाठी दवाखान्यात होणारी इजेची नोंद), डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा लागतो. पगारस्लिप नसेल तर बँकेतल्या नोंदी, हजेरी कार्ड, गेटपासचा फोटोसुद्धा जोडा. ठेकेदार "हा आमचा माणूसच नव्हे" म्हणतो तेव्हा हेच उपयोगी पडतं. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि वारसांचे कागद.

"चूक तुझीच" हे ऐकून मागे हटू नका, नुसत्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. आणि अर्ज अपघाताच्याच जिल्ह्यात करावा असंही नाही. राहतं घर लातूरला असेल तर चाकणच्या अपघाताचा अर्ज लातूरला करता येतो.